हेरगिरीच्या जुन्या रेडिओनाट्यात खून लागतोच का? श्रुतिका लिहिणाऱ्यांना एक प्रश्न

दारव्ह्याची_वाचक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी आम्ही जुनी इंग्रजी रेडिओनाट्ये ऐकतो. मी ती आधी ऐकून ठेवते आणि मधूनमधून थांबवून कथेचा भाग मराठीत सांगते. ऐकणाऱ्यांत शेतकरी आहेत, दोन निवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयात जाणारी मुले आहेत, आणि ज्यांनी तरुणपणी विविध भारतीवर ‘इन्स्पेक्टर ईगल’ ऐकले अशी काही वडीलधारी मंडळीही आहेत. सध्या आम्ही ‘काउंटरस्पाय’, ‘द मॅन कॉल्ड एक्स’ अशा हेरगिरीच्या मालिकांकडे वळलो आहोत. तेव्हापासून एक आजोबा दर वेळी तोच प्रश्न विचारतात, “बाई, कागद चोरीला गेला की माणूस मारलाच पाहिजे, असा नेम आहे काय?” मला त्यांना समाधानकारक उत्तर देता आलेले नाही.

प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. गणेशोत्सवात मंदिराच्या सभामंडपात पडद्याआडून सादर करण्यासाठी आम्ही अर्ध्या तासाची श्रुतिका लिहीत आहोत. कथा १९४२ च्या हिवाळ्यातील आहे. मुर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद रुळांच्या मार्गावरील एका काल्पनिक लहान स्थानकावर तारबाबू मृतावस्थेत आढळतो. त्याच सुमारास भूमिगत कार्यकर्त्यांच्या नावांची यादी कोणीतरी पोलिसांपर्यंत पोहोचवत असल्याचे गावाच्या लक्षात येते. जिनाचा (म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचा) मुनीम, कापसाचा व्यापारी, स्टेशनमास्तर, हमाल, तारबाबूची बहीण आणि शोध घेणारे निवृत्त हेडमास्तर अशी सहा पात्रे आहेत.

पहिले वाचन आम्ही श्रोत्यांना भिंतीकडे तोंड करून बसवून केले, म्हणजे कोणाचे ओठ हलताना दिसू नयेत. निम्म्या श्रोत्यांनी मुनीम आणि व्यापारी यांची अदलाबदल केली. मधल्या भागापर्यंत यादी कोणाच्याही लक्षात राहिली नव्हती, कारण सगळ्यांचे चित्त मृतदेहाकडे होते.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती आहे की, हेरगिरीच्या कथेत खून ठेवावा का, ठेवल्यास तो कुठे ठेवावा, आणि निवेदकाने काहीही उलगडून न सांगता केवळ कानावर पडणाऱ्या गोष्टींतून धागा कसा द्यावा, याविषयी सविस्तर लिहावे.

जुना_श्रोता_वर्धा यांचे उत्तर

ताई, आजोबांचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे आणि त्याचे उत्तर रेडिओ या माध्यमातच आहे. कागद चोरीला गेल्याचे ऐकू येत नाही. चित्रपटात उघडी तिजोरी आणि रिकामे पाकीट दाखवले की काम भागते. रेडिओवर मात्र कोणीतरी “अरे, नकाशा गेला” असे म्हणावे लागते, आणि ते वाक्य फक्त माहिती देते, अंगावर येत नाही. याउलट, बोलत असलेला माणूस वाक्याच्या मध्येच थांबला, खुर्ची कलंडली आणि टेलिफोनच्या तारेतून समोरचा माणूस “हॅलो, हॅलो” करीत राहिला, तर श्रोत्याला कोणी काही सांगावे लागत नाही. हेरगिरी हा न दिसणारा आणि न ऐकू येणारा गुन्हा असल्यामुळे लेखकांना त्याच्या जोडीला ऐकू येणारा गुन्हा घ्यावा लागला. खून हा त्या कथांचा विषय क्वचितच असे. हेरगिरी चालू आहे याचा कानाला पटणारा पुरावा म्हणून तो येत असे.

दुसरे कारण वेळेचे आहे. अमेरिकेतील बहुतेक मालिकांचे भाग अर्ध्या तासाचे असत आणि त्यातही जाहिरातींना वेळ द्यावा लागे. परराष्ट्राचे कारस्थान, त्यामागचे राजकारण, कोणाचे कोणाशी लागेबांधे आहेत, हा पसारा एवढ्या अवधीत मांडणे अवघड असते. “याला कोणी मारले?” हा प्रश्न मात्र एका वाक्यात उभा राहतो आणि एका वाक्यात मिटतो. म्हणून खुनाचा प्रश्न शेवटी पूर्ण सुटतो आणि हेरगिरीचे जाळे थोडेसे शिल्लक राहते, असा घाट आपल्याला या भागांत वारंवार आढळेल. पुढच्या आठवड्याची सोयही त्यातच होत असे.

‘काउंटरस्पाय’ १९४२ च्या मे महिन्यात, म्हणजे अमेरिका युद्धात उतरल्यानंतर काही महिन्यांतच सुरू झाली आणि १९५७ पर्यंत चालली. युद्धकाळात तिच्यातील शत्रू जर्मन आणि जपानी असत, युद्ध संपल्यावर शीतयुद्धाने नवे शत्रू पुरवले. सांगाडा तोच राहिला, खलनायकाचे फक्त पारपत्र बदलले. या मालिकांचा कच्चा दुवाही इथेच आहे, कारण परदेशी धाटणीचे बोलणारा माणूस आला की तोच गुन्हेगार, हे श्रोत्याला दहाव्या मिनिटाला कळून चुकते. आपल्या कथेतही हा धोका संभवतो. त्याविषयी शेवटी लिहितो.

आता ब्रिटनकडे पाहू. बीबीसीवर ‘डिक बार्टन’ ही गुप्तहेराची मालिका ऑक्टोबर १९४६ पासून मार्च १९५१ पर्यंत सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी पावणेसातला पंधरा मिनिटे चालत असे आणि भरभराटीच्या काळात तिचे श्रोते दीड कोटीपर्यंत पोहोचले होते. एकूण ७११ भाग झाले. मुले ऐकतात म्हणून बीबीसीने लेखकांना नियमावली घालून दिली. नायकाने शिवीगाळ करायची नाही आणि मारामारी करायची ती सरळ ठोशाने, अशा धर्तीचे ते नियम होते. बंधने एवढी घातली तरी माणसे कामधाम सोडून ती मालिका ऐकत, यावरून लेखकांची हातोटी लक्षात यावी. रक्तपात दाखवायची मुभा नसल्यामुळे त्यांनी सगळा भर ‘आता पुढे काय’ या टोकावर दिला आणि पंधरा मिनिटे संपताना नायकाला हमखास संकटात सोडले.

येथे शेतकरी वाचकांसाठी थोडे विषयांतर करतो. १९४८ साली बर्मिंगहॅम येथे शेतीविषयक कार्यक्रमांसंबंधी झालेल्या बैठकीत एका शेतकऱ्याने उभे राहून सांगितले की, आम्हाला शेतीतला डिक बार्टन पाहिजे. त्यातून ग्रामीण जीवनावरील ‘द आर्चर्स’ ही मालिका जन्माला आली. तिचे सुरुवातीचे लेखक एडवर्ड मेसन आणि जेफ्री वेब हे डिक बार्टनचेच लेखक होते आणि पुढे गुप्तहेराची पावणेसातची वेळही याच मालिकेला मिळाली. हेराला घालवून त्याच्या जागेवर शेतकरी बसला, असे उदाहरण दुसरे माझ्या ऐकिवात नाही. आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमांतील संवाद ऐकत ज्यांची हयात गेली, त्यांना यातील गंमत अधिक कळेल.

आपल्या पात्रांच्या गोंधळाविषयी सांगायचे तर, अर्ध्या तासात सहा आवाज फार होतात. मुनीम आणि व्यापारी हे दोघेही मध्यम वयाचे, व्यवहारी आणि गोड बोलणारे असतील, तर श्रोत्याने त्यांना वेगळे का ओळखावे? एकाला काढून टाका, किंवा एकाची बोलण्याची लयच बदला. जुने लेखक आणखी एक साधी युक्ती वापरत. कोणी आत आले की पहिल्याच वाक्यात त्याचे नाव दुसऱ्याच्या तोंडी येई. छापलेल्या नाटकात हे बाळबोध वाटते, पण कानाला त्याची गरज असते. लघुलहरींवर आवाज मध्येच खोल जाई आणि परत वर येई, त्या काळात तर अशी पुनरुक्ती अपरिहार्यच होती.

राहिला कच्चा दुवा. मराठी नाटकांत वऱ्हाडी बोलणारा माणूस बहुधा विनोदासाठी येतो आणि शोध लावणारा पुस्तकी मराठी बोलतो. आपण वऱ्हाडातच बसून तेच करणार असाल, तर मला वाईट वाटेल. हेडमास्तरांना वऱ्हाडी बोलू द्या आणि गोडगोड प्रमाण मराठी फितुराच्या तोंडी घाला, किंवा सर्वांनाच एका बोलीत बोलवा. बोलीवरून गुन्हेगार ओळखू येता कामा नये, एवढे पथ्य पाळावे.

वडसा_प्रॉम्प्टर यांचे उत्तर

वर्ध्याच्या गुरुजींचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, परंतु खून कुठे ठेवावा याविषयी माझे मत वेगळे आहे. मी झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भातील नाटकांत बरीच वर्षे प्रॉम्प्टिंग केले आहे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या दिवसांत रात्रभर चालणाऱ्या नाटकांत विंगेत बसून प्रेक्षकांचे श्वास ऐकण्याची सवय लागते. त्या अनुभवावरून सांगतो की, ज्याचा आवाज ओळखीचा झालेला नाही त्याच्या मरणाने कोणी हळहळत नाही. अमेरिकेच्या मालिकांत पहिल्या दोन मिनिटांत मृतदेह पडतो, कारण श्रोत्याने दुसरे केंद्र लावू नये ही त्यांची चिंता होती. आपल्या सभामंडपातील श्रोता प्रसाद घेतल्याशिवाय उठणार नाही. तेव्हा आपल्याकडे वेळ आहे.

तारबाबू कथेच्या सुरुवातीलाच मेलेला सापडतो, हेच मुळात बदलावे असे सुचवतो. त्याला निदान सात-आठ मिनिटे जगू द्या. त्याला एखादी लकब द्या. बोलता बोलता सुपारी कातरण्याची सवय द्या. मग पुढे कधीतरी स्टेशनमास्तर खोलीत येऊन बोलत राहतो, आणि उत्तरही येत नाही, कातरण्याचा आवाजही येत नाही. श्रोत्याला मास्तराच्या आधी कळते. अशा जागी किंकाळीची गरजच पडत नाही, आणि हौशी नटाची किंकाळी ऐकून लोक हसतात हे मी अनेकदा पाहिले आहे.

आवाजांचे साहित्य घरचेच वापरा. परदेशी स्टुडिओत आग दाखवण्यासाठी सेलोफेनचा कागद चुरगाळत आणि घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या आपटत. आपल्याकडे तुराट्या आहेत. वाळलेल्या तुराट्यांची मूठभर जुडी माइकपासून वीतभर अंतरावर हळूहळू पिळली की शेकोटी पेटते, आणि एकदम मोडली की दार फुटते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली काडी, जाड असते, ती गुडघ्यावर मोडली तर हाड मोडल्यासारखा आवाज येतो. तो एकदाच वापरावा, दुसऱ्यांदा त्याचा परिणाम राहत नाही. जिनाच्या आवारात चालणारी पावले पाहिजे असतील, तर परातीत सरकी पसरून तिच्यावर वहाणेने दाबत जावे. पिस्तुलाचा आवाज मात्र टाळा. फटाका वाजवला की ध्वनिक्षेपक फाटल्यासारखा वाजतो आणि मंडपातील लहान मुले रडू लागतात. जुन्या स्टुडिओंतसुद्धा अनेक ठिकाणी चामड्याच्या उशीवर पट्टी आपटूनच गोळी झाडत असत.

तारघर यांचे उत्तर

रेल्वेच्या तारखात्याशी माझ्या घराचा जुना संबंध आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करीत आहे. ताईंनी मृत्यू पावणारा माणूस तारबाबू निवडला आहे आणि तरीही धागा कुठून द्यावा असा प्रश्न विचारला आहे, याचे मला आश्चर्य वाटते. रेडिओनाट्यासाठी यापेक्षा सोयीचा व्यवसाय शोधून सापडणार नाही.

मोर्सच्या पद्धतीत संदेश ऐकून उतरवून घेत. यंत्राची पितळी पट्टी खाली येताना एक आवाज करी आणि वर जाताना दुसरा. या दोन आवाजांमधले अंतर कमी असले तर टिंब आणि जास्त असले तर रेघ. अनुभवी तारबाबू कागदाकडे न पाहता, दुसऱ्याशी बोलत असतानासुद्धा ते समजून घेई. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे प्रत्येक तारबाबूचा हात वेगळा असे. कोणी रेघ जरा लांबवी, कोणी दोन शब्दांमध्ये अडखळे, कोणाची टिंबे घाईची असत. त्यामुळे पलीकडच्या स्थानकावरील माणूस नाव सांगण्यापूर्वीच “आज अमका कामावर आहे” हे ओळखत असे. ही वस्तुस्थिती हेरखात्यांनाही पुरेपूर ठाऊक होती आणि दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे बिनतारी संदेश ऐकणारे लोक पाठवणाऱ्याच्या हातावरून त्याचा माग ठेवत असत.

आता तुमच्या कथेत असे योजता येईल. पहिल्या भागात तारबाबू तार पाठवत आहे. त्याची लय श्रोत्याच्या कानात मुरली पाहिजे, म्हणून ती दोनदा ऐकवावी, एकदा एकट्याने काम करताना आणि एकदा बहिणीशी बोलताना. बहीण थट्टेने म्हणते की, “दादा, तुझं यंत्रही तुझ्यासारखंच अडखळतं.” एवढे वाक्य पुरे आहे, त्याचा अर्थ त्या वेळी कोणाला कळण्याची आवश्यकता नाही. पुढे रात्री साडेनऊच्या सुमारास पुढच्या स्थानकावर तार पोहोचते. सर्वजण म्हणतात की त्या वेळेपर्यंत तारबाबू जिवंत होता, आणि साडेनऊनंतर संशयित मंडळी तर जिनात हिशेबाला बसलेली होती. ती तार श्रोत्यालाही ऐकवावी, परंतु तिच्यात अडखळणे नसावे. जो श्रोता कान देऊन ऐकत असेल त्याला तिथेच पाणी कुठे मुरते ते कळेल. ज्याला कळणार नाही त्याला शेवटी हेडमास्तर पुढच्या स्थानकावरील बाबूला बोलावून तीच तार टेबलावर बोटांनी वाजवायला लावतात तेव्हा कळेल, आणि आपण ती ऐकली होती हे आठवून तो स्वतःवरच चिडेल. अशा नाट्यात निवेदकाने काही सांगण्याचे कामच उरत नाही.

यातून खून आणि हेरगिरी यांचा सांधाही आपोआप जुळतो. खोटी तार पाठवणाऱ्याला मोर्स येत असले पाहिजे. गावात ते कोणाला येते? स्टेशनमास्तराला तर येतेच, त्यामुळे संशयाची सुई प्रथम त्याच्याकडे वळेल. परंतु ज्या माणसाने आपल्याला मोर्स येते ही गोष्ट इतकी वर्षे लपवून ठेवली, तोच तारघरात बसून जाणाऱ्या-येणाऱ्या तारा नुसत्या कानांनी चोरत होता. यादी अशीच फुटली. कागद चोरीला गेलाच नाही! आजोबांच्या प्रश्नाला हे उत्तर आवडेल असे वाटते. व्यापारी सौद्याच्या भावाची चौकशी करण्याच्या निमित्ताने रोज तारघरात तासभर पान खात बसतो, एवढे पहिल्या भागात दाखवले की पुरे.

आवाजासाठी यंत्र मिळाले नाही तर अडकित्ता घ्यावा. त्याची एक मूठ पत्र्याच्या रिकाम्या डब्यावर घट्ट धरून दुसरी उघडझाप केली की दोन्ही आवाज स्वतंत्र ऐकू येतात. डब्याचे तोंड माइककडे असावे. तारबाबूच्या खऱ्या तारा एकाच माणसाने वाजवाव्यात आणि खोटी तार दुसऱ्याने, म्हणजे हात मुद्दाम बदलावा लागणार नाही. वडशाच्या भाऊंनी तारबाबूला सुपारीची लकब सुचवली आहे. ती मात्र तेवढी सोडावी, नाहीतर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून सगळे मुसळ केरात जाईल.

चिमूरचा_विद्यार्थी यांचे उत्तर

कथेच्या काळाविषयी थोडेसे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’ आंदोलनात चिमूर आणि आष्टी येथे जो उठाव आणि गोळीबार झाला, त्याची आठवण आमच्या भागात अजून ताजी आहे. घराघरांत कोणी ना कोणी त्याचा उल्लेख करतो. त्यामुळे आपले स्थानक काल्पनिक आहे हे उत्तम झाले. खुनाच्या रहस्यात खऱ्या हुतात्म्यांची किंवा खऱ्या गावातील फितुराची नावे आणू नयेत, आणि ‘सत्यकथेवर आधारित’ असे चुकूनही जाहीर करू नये. गावात कोणाच्या आजोबांकडे बोट जाईल याचा नेम नसतो.

काळ उभा करण्यासाठी मात्र एक सुंदर साधन आहे. त्याच ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडेपर्यंत जागा बदलत बदलत चालवला. हिवाळ्यातील आपल्या कथेत जिनाच्या मालकाच्या घरी रेडिओ आहे आणि चार माणसे दार लावून ते केंद्र लावण्याचा प्रयत्न करतात, पण फक्त खरखर ऐकू येते, असा छोटा प्रसंग घातला तर केंद्र बंद पडल्याचे कोणी न सांगता कळेल. व्हॉल्व्हचा रेडिओ चालू केल्यावर आवाज यायला थोडा वेळ लागत असे, ते थांबणेही त्यात यावे. मात्र नागपूर केंद्राचा आवाज त्यात घालू नये, कारण ते केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले.

दारव्ह्याची_वाचक

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. तारघर यांची कल्पना आम्ही स्वीकारत आहोत. मुनिमाला काढून टाकले आहे आणि त्याची दोन आवश्यक वाक्ये हमालाकडे दिली आहेत. वडशाच्या भाऊंचे ऐकून तारबाबू आता नवव्या मिनिटाला मरतो. सुपारीऐवजी त्याला खोकला दिला आहे. हेडमास्तर वऱ्हाडी बोलतील. या मुद्द्यावर आमच्याकडे बराच वाद झाला, कारण एका शिक्षकांच्या मते त्यामुळे हेडमास्तरांचे वजन कमी होईल. मी त्यांना सांगितले की, वजन त्यांनी विचारलेल्या प्रश्नांत असावे.

वर्ध्याच्या गुरुजींशी मी एका बाबतीत सहमत नाही. शेवटी हेरगिरीचे जाळे थोडे शिल्लक ठेवावे, ही पुढच्या आठवड्याची सोय आम्हाला नको आहे. आमचा पुढचा आठवडा नाहीच. व्यापाऱ्याने यादी कोणाला दिली हे त्याच्या तोंडूनच वदवून घेऊन नाट्य संपवणार आहोत.

एक व्यावहारिक शंका राहिली आहे. श्रुतिकेपूर्वी श्रोत्यांचा कान तयार व्हावा म्हणून एखाद्या जुन्या इंग्रजी भागाचे मराठी रूपांतरही पंधरा मिनिटांत सादर करावे, असे मुलांचे म्हणणे आहे. ते भाग इंटरनेटवर मोकळेपणी मिळतात. तेव्हा त्यात काही अडचण आहे का?

जुना_श्रोता_वर्धा

ताई, मोकळेपणी मिळतात म्हणजे मोकळे आहेत असे नव्हे. हे भाग टिकले ते मुख्यतः सोळा इंची तबकड्यांमुळे. त्या काळच्या अमेरिकन नेटवर्कवर नाटके थेट सादर होत, पण नोंद म्हणून किंवा परदेशातील सैनिकांना ऐकवण्यासाठी ती तबकडीवर उतरवून घेत. एका बाजूला सुमारे पंधरा मिनिटे मावत, म्हणून अर्ध्या तासाच्या भागाला दोन बाजू लागत, आणि काही भागांचा अर्धाच तुकडा मिळतो त्याचे कारण हेच आहे. पुढे हौशी संग्राहकांनी त्या तबकड्या फितीवर आणि मग इंटरनेटवर आणल्या. त्यांनी त्या जपल्या म्हणून हक्क त्यांच्याकडे आले असे होत नाही.

आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे आणि नाट्यलेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. म्हणजे मुद्रण जुने झाले तरी संहितेवर लेखकाच्या वारसांचा हक्क असू शकतो, आणि रूपांतर हे संहितेचे असते. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर नाटक सादर करण्यास कायद्यात सवलत आहे, परंतु तिच्यात रूपांतर बसते असे गृहीत धरू नये. वाचनालयाच्या नावाने कार्यक्रम होणार असल्यामुळे माझा सल्ला असा आहे की, रूपांतर करू नये. मुलांना पंधरा मिनिटे हवीच असतील, तर त्यांनी आवाजांचे प्रात्यक्षिक करावे. पडदा दूर करून तुराटी, सरकी, चामड्याची उशी हे सर्व लोकांसमोर वाजवून दाखवावे आणि मग पडदा लावून श्रुतिका सुरू करावी. अडकित्ता मात्र त्या प्रात्यक्षिकात दाखवू नका, तो कळला तर तारेचे रहस्य श्रोते आधीच हुडकू लागतील.

शेवटाविषयी आपले म्हणणे मला पटते. फक्त व्यापाऱ्याची कबुली लांबवू नका. जुन्या मालिकांत गुन्हेगार शेवटची तीन मिनिटे आपले सगळे कारस्थान सविस्तर सांगत बसतो, आणि ती पद्धत मला कधीच आवडली नाही. पुढच्या स्थानकावरील बाबूने टेबलावर तार वाजवून दाखवली की व्यापाऱ्याने एकच वाक्य बोलावे आणि यादी कोणाकडे गेली ते त्यातच यावे.